बिडा : नुपे कारागिरांच्या मोहल्ल्यांतून

शुक्रवार

नायजेरियाची राजधानी आबुजा येथे राहायला आल्यापासून बिडा हे नुपे लोकांचे जुने शहर पाहण्याची इच्छा मनात होती. येथील हस्तकलेच्या दुकानांत काचमण्यांच्या माळा, ठोक्यांची नक्षी असलेली पितळी ताटे, एकाच ओंडक्यातून कोरलेली बुटकी बैठी आसने मांडलेली असतात आणि त्यांतील निम्म्या वस्तूंविषयी दुकानदार ‘बिडाचे काम’ एवढेच सांगतो. ते कोण करते, कसे करते आणि ते करणाऱ्यांच्या घरात आज काय चालले आहे, हे दुकानात कळण्यासारखे नव्हते. माझ्या यजमानांच्या कार्यालयातील एका नुपे सहकाऱ्याने आपल्या थोरल्या भावाशी गाठ घालून दिली. हे भाऊ बिडामध्येच शिक्षक आहेत. इकडे शिक्षकाला आणि विद्वानाला आदराने ‘मालम’ म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना प्रथमपासून मालम म्हणू लागलो.

आबुजाहून सकाळी निघालो. शहर मागे पडताच झूमा खडक दिसतो. शंभर नायराच्या नोटेवर ज्याचे चित्र छापले जात असे, तोच हा एकसंध काळाभोर कातळ. जानेवारी असल्यामुळे सहारातून येणारा हरमॅटन वारा सुरू होता आणि त्याच्या धुळीमुळे खडकाचा माथा पुसटच दिसत होता. सुलेजा, लांबाटा, लापाय, आगाए अशी गावे घेत रस्ता पश्चिमेकडे जातो. लागोसकडून उत्तरेला जाणाऱ्या तेलाच्या टँकरांची वर्दळ या मार्गावर मोठी आहे आणि त्या भाराने रस्ता जागोजाग खचलेला आहे, त्यामुळे अंतराच्या मानाने वेळ बराच लागला. लापाय आणि आगाए ही दोन्ही जुन्या अमिरातींची ठाणी आहेत. आगाए सोडले की जमीन सपाट होत जाते, शिया (हिच्या बियांचे लोणी काढतात) आणि टोळशेंगेची झाडे शेतांमध्ये विखुरलेली दिसतात आणि सखल भागांत भाताची खाचरे लागतात. नायजर आणि कडुना या दोन नद्यांमधला हा प्रदेश. भातासाठी तो इतका नावाजलेला आहे की देशाची राष्ट्रीय तृणधान्य संशोधन संस्था बिडाजवळच्या बाडेग्गी येथेच आहे.

शहरात शिरलो तेव्हा जुम्म्याची नमाज नुकतीच आटोपली होती. पांढऱ्या, निळ्या पायघोळ झग्यांतील माणसे मशिदींमधून बाहेर पडत होती आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या तीनचाकी ‘केके’ आणि मोटारसायकली बहुतेक बजाजच्या होत्या. आकुर्डीचे नाव इतक्या दूर, तेही जुन्या अमिराच्या राजधानीत, रोजच्या वापरातल्या वस्तूवर वाचून मला फार बरे वाटले.

शुक्रवारी दुपारनंतर भट्ट्या बंद असतात, म्हणून मालमांनी तो वेळ शहराची घडण समजावून देण्यात घालवला. नुपेंच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या राज्याचा संस्थापक त्सोएदे. तो दक्षिणेकडील इदाह येथून नायजर नदीतून वर आला आणि येताना त्याने धातुकाम जाणणारे लोक बरोबर आणले, असे सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मालम देंदो या फुलानी धर्मपंडिताचा येथे प्रभाव वाढला, पुढे सत्ता त्याच्या वंशजांकडे गेली आणि त्या शतकाच्या मध्यानंतर बिडा ही राजधानी झाली. येथील राजाला ‘एत्सू नुपे’ म्हणतात. उस्मान झाकी, मसाबा आणि उमारू माजिगी अशा तीन राजघराण्यांमध्ये ही गादी फिरत आली आहे. 1897 च्या जानेवारीत रॉयल नायजर कंपनीच्या फौजेने तोफा लावून बिडा जिंकले, तरी गादी राहिली आणि आजही आहे.

मालमांनी यात एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगितली. कारागीर येथे दरबाराच्या आश्रयाने वसले. घोड्यांचे साज, भाले, झगे, ताटे, मानाचे दागिने हे सगळे दरबाराला हवे होते आणि त्या मोबदल्यात एकेका हुन्नराला एकेक मोहल्ला आणि त्याच्या प्रमुखाला दरबारी किताब मिळाला. दरबाराची मागणी पुढे आटली, पण मोहल्ले राहिले. मग आज हे कारागीर कोणासाठी काम करतात, हा प्रश्न मला त्याच वेळी पडला आणि पुढचे दोन दिवस तो सोबत राहिला.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर रस्त्याच्या कडेला खाण्याचे ठेले लागले. तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचे ‘मासा’ मातीच्या खळग्यांच्या तव्यावर भाजले जात होते. चव आणि रूप दोन्ही आपल्या आप्प्यांचे, फक्त वर तिखट शेंगदाण्याची भुकटी भुरभुरलेली. मासा विकणाऱ्या बाईंनी आम्ही भारतीय आहोत हे ओळखून अमिताभ बच्चनचे नाव घेतले. उत्तर नायजेरियात हिंदी चित्रपटांना पिढ्यान्पिढ्या प्रेक्षक आहे आणि त्या ओळखीचा आम्हाला पुढेही बऱ्याच दारांत उपयोग झाला.

शनिवार

सकाळी मसागा मोहल्ल्यात गेलो. मसागा हे काचकाम करणाऱ्यांच्या मोहल्ल्याचे नाव आहे आणि त्यांच्या प्रमुखाच्या किताबाचेही. कोणतीही भट्टी पाहण्याआधी प्रमुखांना भेटून परवानगी घ्यावी लागते आणि ते योग्यच आहे, कारण आपण कोणाच्या तरी घरातच जात असतो. येथील घराचे तोंड म्हणजे ‘कटांबा’, जाड मातीच्या भिंतींची गोल प्रवेशखोली. तिच्यातून गेल्याशिवाय आत जाता येत नाही. आम्ही गेलो त्या कटांब्याच्या भिंतीत चिनी मातीच्या बश्या पक्क्या बसवलेल्या होत्या. जुन्या नुपे घरांमध्ये ही सजावट असे आणि आता ती थोड्याच घरांत उरली आहे. मालम उकिडवे बसून वाकले आणि सवाल-जवाब सुरू झाले: रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काम कसे चालले आहे, थंडी कशी आहे. घाई करणाऱ्याला येथे असभ्य समजतात. हे सगळे शांतपणे झाल्यावर वृद्ध प्रमुखांनी माझ्या हातांकडे पाहिले आणि विचारले, “या बांगड्या काचेच्या आहेत का?”

मी एक बांगडी काढून त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती प्रकाशात धरून बोटाने सावकाश फिरवली, एका जागी नख थांबवले आणि शेजारच्या तरुणाला तेथे बोट लावायला सांगितले. तो बांगडीचा सांधा होता. आपल्याकडच्या बांगड्या बहुतांशी फिरोजाबादच्या. तेथे काचेची तार रुळावर गुंडाळून वेटोळे करतात, मग ते कापून एकेका वेढ्याची टोके ज्योतीवर जुळवतात, त्यामुळे प्रत्येक बांगडीला सांधा असतो. बिडाच्या बांगडीला तो नसतो. प्रमुख म्हणाले, “आमची कशी होते ते आता पाहा, बेटी.” मालमांनी हे सांगताना हौसा या उत्तर नायजेरियातील भाषेतल्या शब्दासाठी ‘बेटी’ हा हिंदी शब्द मुद्दाम वापरला. चित्रपटांतून तो त्यांना ठाऊक होता.

भट्टीची झोपडी गोल, उंच गवती छपराची आणि आतून काजळलेली. मधोमध मातीची बुटकी भट्टी, तिला चारी बाजूंनी तोंडे आणि प्रत्येक तोंडासमोर एक माणूस जमिनीलगत बसलेला. एका बाजूला भाता ओढणारा मुलगा. त्याच्या दोन्ही हातांत बकऱ्याच्या कातड्याच्या पिशव्या होत्या. एक वर उचलली की दुसरी खाली दाबायची, हवा मातीच्या नळीतून सरळ निखाऱ्यांत जायची. हे तो तासन्‌तास, ठेका न मोडता करत होता. ठेका चुकला तर आच उतरते आणि आच उतरली की चौघांच्याही सळयांवरची काच एकदमच ताठरते. म्हणून भात्याच्या तालावर गाणे चालते. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. आम्हाला पाहून ते गाऊ लागले असे मुळीच नव्हते, कारण झोपडीत शिरण्याआधी वाटेवरूनच ते ऐकू येत होते.

कच्चा माल म्हणजे फुटक्या बाटल्या. हिरव्या, तपकिरी, पांढऱ्या काचेचे ढीग झोपडीबाहेर वेगवेगळे केलेले होते. पण पूर्वी येथे मुळापासून काच बनत असे. वाळू आणि चाड सरोवराकडून व्यापाऱ्यांनी आणलेला नॅट्रॉन क्षार एकत्र वितळवून काळसर रंगाची ‘बिकिनी’ काच तयार करत. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला काच मुळापासून तयार करणारी ठिकाणे फारच थोडी आहेत. घानामधील क्रोबो लोकांचे मणी प्रसिद्ध आहेत, पण ते तयार काच कुटून, तिची पूड साच्यात भरून भाजतात. बिडाची रीत वेगळी आहे. येथे काच वितळवून सळईवर गुंडाळतात. आपले पूर्वज इजिप्तहून बोर्नू आणि कानोमार्गे येथे आले, असे मसागा सांगतात. 1930 च्या दशकात येथे राहून नुपे समाजाचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ एस. एफ. नाडेल यांनी या मंडळींच्या कामाची सविस्तर नोंद केली आहे. ती वाचून गेलेल्या माणसाला भट्टीभोवतीची बैठक ओळखीची वाटते.

आता मणी कसा होतो ते सांगते, कारण मी बराच वेळ एकाच माणसाच्या हातांकडे पाहत बसले होते. त्याच्या डाव्या हातात पातळ लोखंडी सळई, उजव्या हातातल्या सळईच्या टोकाला वितळलेल्या हिरव्या काचेचा गोळा. गोळा भट्टीच्या तोंडाशी पुरेसा मऊ झाला की तो डाव्या सळईला टेकवायचा आणि डावी सळई फिरवायची. काच आपोआप तिच्यावर गुंडाळली जाते. उजवा हात खेचून घेतला की धागा तुटतो. मग एका चपट्या लोखंडी पट्टीने मण्याची कूस सारखी करायची, पुन्हा आच दाखवायची, पांढऱ्या काचेचा बारीक धागा त्यावर वेढायचा, पुन्हा आच. सळई क्षणभरही स्थिर राहत नाही. राहिली तर काच एका बाजूला ओघळते. शेवटी सळई थोडी थंड होऊ देऊन तिच्यावर हलका ठोका मारायचा, की मणी खाली पडतो. त्याला आधीच पडलेले भोक म्हणजे सळईची जाडी.

बांगडीची सुरुवातही मण्यासारखीच होते. गुंडाळलेल्या कड्याच्या भोकात दुसरी सळई घालतात आणि दोन्ही सळया फिरवत हळूहळू एकमेकींपासून दूर नेतात. कडे रुंदावत जाते, पुन्हा आच घेते, पुन्हा रुंदावते आणि अखेर मनगटाएवढे होते. काच मुळातच अखंड कड्याच्या रूपात असते, म्हणून सांधा येण्याचे कारणच उरत नाही. त्या तरुणाने तयार बांगडी दोन काटक्यांवर धरून मला दाखवली आणि मी पुन्हा पुन्हा पाहूनही तिला जोड सापडला नाही. माझी बांगडी मी त्यांच्याकडेच ठेवली. मोहल्ल्यातील मुलांना सांधा दाखवायला ती उपयोगी पडेल, असे प्रमुख म्हणाले.

येथे मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे की मणी कोणा एकाचा नसतो. भाता ओढणारा मुलगा, सरपण फोडणारा, काच निवडणारा आणि भट्टीभोवतीचे चौघे यांच्यातला एक जरी नसला तरी काम उभे राहत नाही. म्हणून कमाईही कुटुंबातल्या वडीलधाऱ्याकडे जाते आणि तो वाटप करतो. शेती असो की हुन्नर, एकत्र घराच्या अशा सामाईक कामाची नुपेंमध्ये जुनी व्यवस्था आहे. बाहेरची माणसे एखाद्या ‘कलाकाराचे’ नाव शोधत येतात. पण येथे नाव मोहल्ल्याचे असते आणि ते टिकवायचे तर मोहल्ला टिकायला हवा. चौघांपैकी दोघे तरुण आबुजात नोकरीला गेले, तर उरलेल्या दोघांची भट्टीही पेटवणे परवडत नाही. युनेस्कोने 2021 मध्ये बिडाला हस्तकला आणि लोककलेचे सर्जनशील शहर म्हणून आपल्या जाळ्यात घेतले. त्याचा मोहल्ल्याला अभिमान आहे. परंतु प्रमुखांनी विचारपूस केली ती त्या मानाची नव्हे, सरपणाच्या भावाची: आमच्या देशात भट्ट्या कशावर चालतात, गॅसवर इतकी आच मिळते का, खर्च किती येतो. यजमानांनी फिरोजाबादच्या गॅस भट्ट्यांविषयी त्यांना जे ठाऊक होते ते सांगितले आणि ते सगळे मालमांनी शब्दशः उतरवून दिले.

पितळकाम करणाऱ्यांचा मोहल्ला दुरूनच ऐकू येतो. आत चटईवर बसलेले लोक, पुढ्यात ऐरण, पायाच्या अंगठ्यांत अडकवून फिरवले जाणारे ताट. पत्र्यावर आतून ठोकून नक्षी उठवतात, मग बाहेरून बारीक छिन्नीने टिंबे आणि रेघा भरतात. पुण्याच्या तांबट आळीतल्या माठारकामाचा आवाज ज्याच्या कानात आहे त्याला ठोक्यांची ती दाटी चटकन ओळखू येईल. फरक असा की आपल्याकडे ठोके भांड्याला बळकटी आणि चकाकी देतात, येथे ते मुख्यतः नक्षीसाठी असतात. ताटे, पाण्याच्या सुरया, वजू करण्याचे, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचे, तोटीचे लोटे, डाव, पेट्या असे घडीव काम. त्याशिवाय ओतकामही होते. पितळ भंगारातून येते आणि ते महाग झाल्यामुळे ॲल्युमिनियमची भांडी वाढली आहेत. लग्नात नवरीबरोबर भांड्यांची चळत पाठवण्याची चाल अजून आहे, म्हणून घरगुती गिऱ्हाईक टिकून आहे. परदेशी पाहुण्यांसाठी केलेली छोटी प्राणिचित्रांची ताटे मला तितकीशी आवडली नाहीत. त्यांत हात घाईने फिरलेला दिसतो. वजूच्या लोट्याला मात्र तोटीचा कोन, मुठीची पकड, बुडाचे वजन सगळे नेमके साधावे लागते, कारण तो रोज पाच वेळा हातात घेतला जातो.

धातूच्या बाबतीत या प्रदेशाची परंपरा किती खोल आहे हे बिडात सगळे दिसत नाही. नायजरकाठच्या ताडा आणि जेब्बा या गावांत शतकानुशतके जपलेल्या तांब्या-कांस्याच्या मूर्ती त्सोएदेने आणल्या, असे नुपे मानतात. त्यांतील ताडाची बसलेल्या पुरुषाची मूर्ती जवळजवळ शुद्ध तांब्याची आहे आणि तिची घडण पाहून तिचा संबंध नैऋत्य नायजेरियातील इफे या प्राचीन नगराच्या महान ओतकामाशी जोडला जातो. ताडाचे लोक दर शुक्रवारी ती नदीवर नेऊन वाळूने घासत, म्हणजे मासे आणि संतती भरपूर होईल, अशी श्रद्धा होती. आता ती लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तेथे आम्ही ती पाहिली होती. मालमांनी ती पाहिलेली नाही. आपल्या लोकांची सर्वांत मोठी ठेव पाहायला एका नुपे शिक्षकाला लागोसपर्यंत जावे लागते, याचे मला वाईट वाटले.

दुपारी एका घरात जेवण झाले: तांदळाचा ‘तुवो’, भेंडीची पातळ भाजी आणि सुक्या माशाचे कालवण. जेवणानंतर यजमान आणि मालम कटांब्यातच थांबले, कारण पुढे बायकांचे अंगण होते आणि परपुरुषाला तेथे मज्जाव. मला एकटीला आत नेले. एका उघड्या पडवीत भिंतीला टेकून उभा माग लावलेला होता आणि घरच्या वडील सासूबाई, ज्यांना सगळे ‘हाजिया’ म्हणत होते, त्याच्यासमोर जमिनीवर बसून विणत होत्या. नुपे पुरुषांचा माग आडवा असतो आणि त्यावर वीतभरही रुंद नसलेल्या पट्ट्या निघतात, ज्या नंतर शेजारी शेजारी शिवून कापड करतात. बायकांच्या उभ्या मागावर सरळ रुंद कापड निघते. हाजियांच्या कापडाची जमीन गडद लाल होती आणि तिच्यात जादा आडव्या धाग्याने पांढरी-पिवळी भौमितिक नक्षी भरलेली होती. पूर्वी असे लाल रेशीम सहारा ओलांडून त्रिपोलीकडून येत असे आणि श्रीमंतांच्या कापडातच ते दिसे. आता गिरणीचा रंगीत धागा बाजारात मिळतो. कापड कोणासाठी, असे विचारल्यावर हाजियांनी शेजारी बसलेल्या नातीच्या डोक्यावर हात ठेवला. विकायचे नव्हतेच. मोजकी मागणी येते ती लग्नाची, असे त्यांच्या सुनेने सांगितले. ती स्वतः मागावर बसत नाही. ती पॉलिटेक्निकमध्ये हिशेबनिशीचा अभ्यास करते आणि सासूच्या कापडांचे फोटो काढून ओळखीच्यांना पाठवते. त्यातूनच मागण्या येऊ लागल्या आहेत. मला ही व्यवस्था आशादायक वाटली, कारण तिच्यात दलाल नाही.

उरलेल्या वेळात बाजारात गेलो. शियाच्या लोण्याचे पिवळसर गोळे, टोळशेंगेच्या आंबवलेल्या बियांच्या उग्र वासाच्या वड्या, कलिंगडजातीच्या सोललेल्या बिया, शेंगदाण्याच्या कुरकुरीत ‘कुली-कुली’, धुरावलेले मासे, भोपळ्याचे कोरीव तुंबे, गवताच्या रंगीत चटया आणि रुंद कडांच्या टोप्या. शिया गोळा करून लोणी काढण्याचे काम बायकांचे आणि बाजारातल्या बहुतेक पथाऱ्यांवर बायकाच. लाकडी आसने मात्र पुरुष कोरतात. एका ओंडक्यातून गोल बैठक आणि तिच्याखालचे अनेक पाय अखंड काढलेले असतात, वर तापवलेल्या आणि कोरलेल्या रेघांची जाळी असते. चुलीपाशी बसण्यासाठी बायका हीच आसने वापरतात. आम्ही एक घेतले; दर मालमांनी ठरवला आणि तो देताना दोन्ही बाजू समाधानी होत्या. कपड्यांच्या ओळीत भरतकाम केलेले पायघोळ झगे टांगलेले होते. छातीवरच्या लांब टोकदार नक्षीला ‘आस्का ताक्वास’ म्हणजे आठ सुऱ्या म्हणतात. ते हातभरताचे असले तर किंमत फार होते, म्हणून बहुतेक झगे आता शिलाई यंत्रावरचे. शिंप्याने दोन्ही उलटे करून मागची बाजू दाखवली, तेव्हा फरक लगेच समजला.

रविवार

पहाटेच्या थंडीत गाडीने बिडाच्या पश्चिमेला वुया येथे गेलो. येथे कडुना नदीवर पूल आहे. कडुना पुढे जाऊन नायजरला मिळते. नदीवरचे नुपे लोक ‘क्येदे’ म्हणून ओळखले जातात. मासेमारी आणि होडीवाहतूक हाच त्यांचा परंपरागत व्यवसाय. कोरड्या ऋतूत पाणी उतरलेले होते, वाळूचे पट्टे उघडे पडले होते आणि किनाऱ्यावर ताज्या माशांचा लिलाव चालला होता. बाजूलाच मातीच्या उघड्या भट्ट्यांवर मासे धुरावले जात होते. आदल्या दिवशी आमच्या ताटात आलेला मासा येथूनच गेलेला, असे मालम म्हणाले.

परतताना एका छोट्या खेड्यात मालमांच्या नात्यातल्या एका कुंभारणीकडे थांबलो. नुपेंमध्ये मडकी घडवण्याचे काम बायकांचे आणि ते आईकडून मुलीकडे जाते. चाक येथे नाही. उपड्या ठेवलेल्या जुन्या मडक्यावर त्यांनी मातीची पोळी थापली, लाकडी थापटण्याने ती बारीक केली, ती जरा वाळू दिली आणि मग उलटी करून तिच्या काठावर मातीच्या वळ्या चढवत मडके वर नेले. स्वतः मडक्याभोवती उलट्या पावली फिरत होत्या. चाक फिरायच्या ऐवजी बाई फिरते आणि काठ तरीही गोल येतो. खांद्यावरची नक्षी कोरलेल्या लाकडी रुळीने उठवली. तिच्यातले पट्टे आणि टिंबे पाहताना पितळी सुरईवरचे पट्टे आठवत होते आणि मालमांच्या मते दोन्ही कामांनी एकमेकांकडून घेतले आहे. भाजणे उघड्यावर, गवत आणि फांद्यांच्या ढिगात, तेही वारा पडलेला असताना.

पाण्याच्या मोठ्या मडक्यांना आता मागणी कमी, कारण घरोघरी प्लास्टिकच्या टाक्या आल्या आहेत. पण उन्हाळ्यात वीज तासन्‌तास नसते, फ्रीज निरुपयोगी होतो आणि तेव्हा मडक्यातल्या पाण्याला पर्याय नसतो. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये त्यांची विक्री वर्षभरातली सर्वांत चांगली होते. कुंभारणीने स्वतः हिशेब सांगितला: मातीला पैसे पडत नाहीत, सरपणाला पडतात आणि बाजारापर्यंत मडकी न फुटता नेण्याचे भाडे सगळ्यांत जड जाते. बिडातील शहरी दुकानदार खेड्यात येऊन घेतो ती किंमत आणि आबुजात लागते ती किंमत यांत फार मोठे अंतर आहे. आम्ही दोन मडकी थेट त्यांच्याकडून घेतली, आसनाभोवती गवत गुंडाळून मागच्या सीटवर बसवली आणि त्या सांगतील तेवढेच पैसे दिले.

परतीसाठी मिन्ना शहराकडचा रस्ता धरला. शहराबाहेरच्या भातखाचरांपाशी मालमांनी आमचा निरोप घेतला. त्यांना तेथून केके मिळणार होती. मसागांच्या बांगड्यांची मी मोठी मागणी नोंदवून आले आहे. आबुजातल्या आमच्या मराठी मंडळींपैकी ज्यांना हव्या आहेत त्यांच्या मनगटांची मापे दोऱ्याने घेऊन पाठवायची आहेत आणि बांगड्या तयार झाल्या की मोटारपार्कवरच्या गाडीने येतील. आणखी कोणी जाणार असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, शुक्रवारची दुपार टाळावी, प्रमुखांची परवानगी घेऊनच भट्टीपाशी बसावे आणि शक्यतो खरेदी मोहल्ल्यातच करावी. बाई असाल तर अंगणातले माग पाहण्याची परवानगी अवश्य मागावी, ती मिळते.